टॉर्च, सुटे सेल, पॉवर बँक: काय हातात ठेवायचं आणि काय विमानाच्या पोटात?

रानवाटा

मंडळी, पुढच्या अमावास्येला आमची टोळी आकाश बघायला हान्लेला निघाली आहे. पुणे ते दिल्ली, दिल्ली ते लेह विमानाने आणि पुढे गाडीने. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हान्ले लडाखच्या पूर्वेला, साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण तिथेच आहे आणि २०२२ पासून तो परिसर डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून राखलेला आहे. रात्री कुणी पांढरा टॉर्च लावला की आजूबाजूचे निरीक्षक अंगावर धावून येतात, त्यामुळे लाल उजेडाचा हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवाच.

गोची आहे ती सामानाची. प्रत्येकाकडे तीन ट्रिपल ए सेलचा हेडलॅम्प आणि जास्तीचे सेल. माझ्याकडे वाटेत गाडी बंद पडली तर असावा म्हणून १८६५० या चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन सेलवर चालणारा एक दणकट टॉर्च आणि त्याचे सुटे सेल. पॉवर बँक २०,००० एमएएचची. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या. आणि गटातल्या एकाने दुर्बिणीचं माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा मोटरचा स्टँड) चालवायला १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीय, ती वेगळीच.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, बॅटरी म्हटलं की सगळं चेक-इनमध्ये कोंबा, नाहीतर तपासणीला जवान काढून घेतात. दुसरा म्हणतो, चेक-इनमध्ये बॅटरी दिसली की नावाचा पुकारा होतो, बॅग उघडायला धावत जावं लागतं. दोघंही स्वतःच्या अनुभवाने सांगतायत. मग खरं काय?

ढगांच्यावर

बरीच वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. तुमच्या दोन्ही पक्षांनी 'बॅटरी' हा एकच शब्द धरलाय, तिथे घोळ आहे. तीन गोष्टी वेगळ्या करा: लिथियमचे सुटे सेल, साधे सुटे सेल आणि उपकरणात बसवलेले सेल.

लिथियमचे सुटे सेल, मग ते टॉर्चचे असोत, कॅमेऱ्याचे असोत की ड्रोनचे, फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये कधीच नाही. पॉवर बँक ही नियमाच्या लेखी सुटी बॅटरीच आहे, उपकरण नव्हे. हे जगभर सारखं आहे, कारण सगळ्या विमान कंपन्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या धोकादायक मालाच्या नियमांवर चालतात.

उपकरणात बसवलेली लिथियम बॅटरी (टॉर्च, कॅमेरा, लॅपटॉप) शक्यतो हातात ठेवा. चेक-इनमध्ये टाकायचीच असेल तर उपकरण पूर्ण बंद हवं, स्लीप मोडवर नव्हे, आणि धक्क्याने आपोआप सुरू होणार नाही असं बांधलेलं हवं. साध्या सुट्या सेलना नियम कुठेच अडवत नाही, फक्त ध्रुव झाकलेले हवेत.

नावाचा पुकारा होतो तो बहुतेक वेळा पॉवर बँकेसाठी. एक्स-रेच्या पडद्यावर ती लगेच ओळखू येते. प्रवासी तोवर वर जाऊन कॉफी पीत बसलेला असतो, पुकारा ऐकूच येत नाही, आणि बॅग मागे राहते. दोष कुणाचा यावर नंतर कितीही भांडा, बॅग दुसऱ्या दिवशीच येणार.

अण्णा_देवगडकर

हे सगळं अलीकडचं फॅड आहे असं माझं मत. आम्ही एव्हरेडीचा तीन सेलचा स्टीलचा टॉर्च घेऊन सगळा देश फिरलो. विमानातही. कुणी विचारलं नाही. आता लिपस्टिकएवढ्या टॉर्चला पण कायदा!

सेलवेडा

अण्णा, तुमच्या टॉर्चमध्ये झिंक-कार्बनचे सेल होते. ते फार तर फुगायचे, गळायचे आणि स्प्रिंग हिरवी करायचे. लिपस्टिकएवढ्या टॉर्चमधला लिथियम-आयन सेल बिघडला तर आतला विद्राव पेट घेतो आणि त्या उष्णतेने शेजारचा सेल पेटतो. लवंगीच्या माळेसारखं. एकदा सुरू झालं की मधेच थांबवता येत नाही, थंड करत राहणं एवढंच हातात असतं.

म्हणूनच केबिनमध्ये ठेवायला सांगतात. लोकांना वाटतं, धोकादायक आहे तर माणसांजवळ कशाला? तर माणसांजवळ म्हणूनच. केबिनमध्ये धूर दिसला की कर्मचारी मिनिटाभरात पोचतात, विझवतात, पाणी ओततात. विमानाच्या पोटात कुणी जाऊ शकत नाही. तिथे आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली रासायनिक क्रिया त्याने थांबत नाही.

दुबईचा अपघात आठवत असेल. ३ सप्टेंबर २०१०, यूपीएसचं बोइंग ७४७ मालवाहू विमान. मालात लिथियम बॅटऱ्यांचे मोठे साठे होते, त्यात आग लागली, कॉकपिट धुराने भरलं, विमान परत वळवलं तरी वाचलं नाही. दोन्ही वैमानिक गेले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायलाच बंदी आली. याला फॅड म्हणवत नाही.

अण्णा_देवगडकर

ठीक आहे, मालवाहू विमानात टनावारी बॅटऱ्या होत्या. इथे माणूस खिशात एक सेल घेऊन चाललाय.

ढगांच्यावर

खिशातल्या एकाचंही उदाहरण आहे. २८ जानेवारी २०२५, दक्षिण कोरियात बुसानच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं एअरबस ए३२१ उड्डाणाच्या तयारीत उभं होतं. डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळेच्या सगळे १७६ जण बाहेर पडले, पण विमानाचं छत जळून गेलं. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला.

त्यानंतर नियम भराभर बदलले. कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, ती अंगाजवळ किंवा समोरच्या सीटच्या खिशात हवी. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणं आणि चार्ज करणं दोन्ही बंद केलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, १०० वॅट-अवरच्या आतली, आणि तीही प्रवासात वापरायची नाही असं ठरवलं. चीनच्या देशांतर्गत विमानात २८ जून २०२५ पासून त्यांचा ३सी हा सुरक्षा-प्रमाणनाचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालतच नाही. आपल्याकडे डीजीसीएनेही (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) वरच्या कप्प्यात ठेवू नका आणि विमानात चार्जिंगला लावू नका असं सांगितलंय. तेव्हा तिकीट काढलं की त्या कंपनीचं पान त्या आठवड्यात वाचा. मागच्या वर्षीचा अनुभव या वर्षी लागू पडेलच असं नाही.

कुसुमताई

छान माहिती मिळतेय. माझा प्रश्न जरा घरगुती आहे, हसू नका. गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरून आम्ही सावंतवाडीला जातो. घर वर्षभर बंद, दिवे जातात, डास तर विचारू नका. चार्जिंगचा इमर्जन्सी दिवा आणि डास मारायची रॅकेट मुंबईहून नेली तर चालते का?

सेलवेडा

ताई, रॅकेट हातातल्या बॅगेत नकोच. तिच्या जाळीत झटका देणारं व्होल्टेज असतं आणि झटका देणाऱ्या वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत. जवानाने डासांचा विचार करून सोडलीच तर तुमचं नशीब. चेक-इनमध्ये बटण बंद करून, बटणावर चिकटपट्टी लावून जाऊ शकते.

इमर्जन्सी दिव्यांचे दोन प्रकार असतात. जुने, वजनदार, त्यांच्यात सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती न सांडणाऱ्या प्रकारची असेल आणि १२ व्होल्ट, १०० वॅट-अवरच्या आत असेल तर नियमात बसते. घरगुती दिव्याची त्याहून कितीतरी लहान असते. नवे हलके दिवे लिथियमचे, त्यांना वर ढगांच्यावर यांनी सांगितलेला उपकरणाचा नियम. हातात ठेवा, बंद करून ठेवा.

रानवाटा

हे १०० वॅट-अवर प्रकरण जरा उलगडून सांगा की. माझ्या सेलवर एमएएच लिहिलंय, वॅट-अवर कुठेच नाही.

सेलवेडा

व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचं, झालं. एमएएचला हजाराने भागलं की अँपिअर-अवर.

तुमची २०,००० एमएएचची पॉवर बँक: २० गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॅट-अवर. चालते. इथे बरेच जण यूएसबीचे ५ व्होल्ट धरून गुणतात आणि १०० येतात म्हणून घाबरतात. आतल्या सेलचं व्होल्टेज धरायचं, ते ३.६ किंवा ३.७ असतं. २७,००० एमएएचला ९९.९ येतात. बाजारात नेमक्या याच आकड्याच्या आसपास थांबणाऱ्या पॉवर बँका का दिसतात, ते यावरून कळेल.

१८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीचा ३,५०० एमएएचचा असेल तर १२.६ वॅट-अवर. थोराडातला २१७०० सेल ५,००० एमएएचचा, १८ वॅट-अवर. मिररलेस कॅमेऱ्याची मोठी बॅटरी साधारण १६. यातलं काहीच मर्यादेच्या जवळपासही नाही. त्यामुळे तुमच्या टॉर्चसाठी वॅट-अवर हा मुद्दाच नाही.

मुद्दा आहे तो संख्येचा आणि बांधणीचा. सुटे सेल माणशी २० पर्यंत ही सर्वसाधारण मर्यादा. शंभर ते एकशेसाठ वॅट-अवरमधल्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन आणि त्याही कंपनीची परवानगी घेऊन. एकशेसाठच्या वर प्रवाशाच्या सामानात जागाच नाही.

तुमच्या मित्राची माउंटची बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे?

रानवाटा

१२ अँपिअर-अवर. वर १२.८ व्होल्ट लिहिलंय.

सेलवेडा

१५३.६ वॅट-अवर. म्हणजे परवानगीवाल्या पट्ट्यात. विमान कंपनीला आधी ईमेल करून लेखी होकार घ्या, छापून जवळ ठेवा, दोन्ही विमानांसाठी. काउंटरवर पोचल्यावर 'आता विचारू' म्हणालात तर समोरचा माणूस नाही म्हणेल आणि ते चूक नसेल. मला विचाराल तर माउंटसाठी ६ अँपिअर-अवरची घ्या. ७७ वॅट-अवर भरते, कुणाची परवानगी नको, आणि ट्रॅकिंगला एक रात्र बहुतेक माउंटना पुरते. तीन-चारशे वॅट-अवरचे 'पॉवर स्टेशन' नावाचे डबे मात्र विमानात नेऊच नका. त्याऐवजी लेहमध्ये भाड्याने गाडी घेता तिच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून भागवा.

घाटमाथा

वर सगळं नियमाप्रमाणे बरोबर आहे. आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. उत्तरेकडच्या एका डोंगराळ विमानतळावरून ट्रेक संपवून परत येत होतो. हातातल्या बॅगेत हेडलॅम्प आणि डबीत सुटे ट्रिपल ए सेल. जवानाने डबी उघडली, सेल बाजूच्या टोपलीत टाकले. ती टोपली बघण्यासारखी होती: रिमोटमधले सेल, घड्याळातले सेल, कुणाच्या खेळण्यातले, अख्खी टोपली भरलेली. मी म्हटलं, साहेब, नियम तर लिथियम हातात ठेवायला सांगतो. तो शांतपणे म्हणाला, ये लिथियम है क्या? नव्हते. साधे अल्कलाइन होते. मग चेक-इन में डालना था ना.

त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. आपल्याकडे काही विमान कंपन्यांच्या जुन्या सूचनांमध्ये ड्राय सेल, म्हणजे असले साधे सेल, हातातल्या बॅगेत नको असं स्पष्ट असायचं. संवेदनशील विमानतळांवर अजूनही तो कटाक्ष कडक आहे. हेडलॅम्पच्या आत बसवलेले सेलसुद्धा काढायला लावल्याचं माझ्यासोबतच्यांनी पाहिलंय.

म्हणून मी आता सरळ वाटणी करतो. अल्कलाइन आणि निकेल मेटल हायड्राइडचे सुटे सेल (हे आपले चार्ज होणारे पेन्सिल सेल) चेक-इनमध्ये. नियम त्यांना कुठेच अडवत नाही, फक्त ध्रुव झाकलेले हवेत. लिथियम तेवढं हातात. म्हणजे हातातल्या बॅगेत टोपलीत टाकण्याजोगं काही उरतच नाही.

सेलवेडा

घाटमाथा यांच्या वाटणीला पूर्ण पाठिंबा, पण एक खाच आहे. थंडीत चालतात म्हणून ट्रेकवाले १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल घेतात, एनर्जायझरचे वगैरे. दिसायला सामान्य पेन्सिल सेलच, वजनाला हलके. ते लिथियम धातूचे आहेत, म्हणजे सुटे असतील तर हातातच हवेत. एका डबल ए सेलमध्ये साधारण एक ग्रॅम लिथियम असतं, मर्यादा दोन ग्रॅमची. नियमात बसतात, पण जवानाला ते ड्राय सेलच दिसणार. तेव्हा ते न उघडलेल्या पाकिटातच न्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिथियम लिहिलेलं असतं, ते दाखवता येतं. पाकीट फोडून डबीत भरलेत की तुम्ही आणि टोपली.

लाल उजेडाच्या किचेन दिव्यात सीआर२०३२ची टिकली असते. तिच्यात लिथियम एक दशांश ग्रॅमच्या आसपास. ती राहू द्या आतच, कुणी बघत नाही.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत टॉर्च हातात असो की चेक-इनमध्ये, टीएसए (इथली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) काही म्हणत नाही आणि ट्रिपल ए सेल हातात चालतात. त्यामुळे इथून येणारी मंडळी भारतातल्या देशांतर्गत विमानात चढताना गांगरतात. माझ्या वडिलांचं असंच झालं, श्रवणयंत्राचे सेल काढून ठेवा म्हणाल्यावर ते चिडलेच. शेवटी वरिष्ठाने सोडलं. औषधोपचाराच्या उपकरणाचे सेल असतील तर डॉक्टरची चिठ्ठी जवळ असलेली बरी.

पण मला एक वेगळंच सांगायचंय, ते अजून कुणी लिहिलं नाही. छोटं विमान असलं किंवा वरचे कप्पे भरले की दाराशी तुमची केबिन बॅग काढून घेतात आणि खाली टाकतात. तुम्ही तोवर सगळं नियमाने हातात ठेवलेलं असतं आणि शेवटच्या दोन मिनिटांत तेच सगळं विमानाच्या पोटात जातं! अशा वेळी सुटे सेल आणि पॉवर बँक बाहेर काढून घेणं ही प्रवाशाची जबाबदारी. म्हणून हे सामान एका वेगळ्या लहान पिशवीत ठेवा, की बॅग दिली तरी पिशवी खांद्यावर राहील.

ढगांच्यावर

शंभर टक्के. आपल्याकडे एटीआर विमानांत हे हमखास होतं. त्या विमानात ट्रॉली वर मावतच नाही. दाराशी रांग थांबवून माणूस जिन्यावर बॅग उघडतो आणि मोज्यांच्या खालून पॉवर बँक शोधतो, मागचे शिव्या घालत असतात.

मी_आपली_गप्प

वाचतेय. एक विचारू का? सीटमध्ये फोन पडला तर सीट मागे-पुढे करू नका असं सांगतात, ते याच कारणाने का?

ढगांच्यावर

याच कारणाने. सीटच्या यंत्रणेत फोन चिरडला की बॅटरी आतून शॉर्ट होते. शोधायला स्वतः हात घालू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. छोटा टॉर्च घसरला तरी तेच.

घाटमाथा

टॉर्चच्या बाबतीत लोक सेलची काळजी करतात आणि बटण विसरतात. आमच्यातल्या एकाचा हजारभर लुमेनचा टॉर्च एसटीच्या प्रवासात सॅकच्या वरच्या कप्प्यात आपोआप लागला. मागे बटण असलेला होता, त्यावर पाण्याची बाटली दाबली गेली. आम्हाला आधी वास आला, केस जळल्यासारखा. कप्पा उघडला तर टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या पावसाळी जॅकेटला आठ आण्याएवढं भोक, कडा वितळून काळी आणि कडक झालेली. टॉर्च हातात धरवत नव्हता. एसटी होती म्हणून खिडकीतून हात बाहेर धरून वाऱ्यावर थंड केला. हेच विमानाच्या पोटात कपड्यांच्या मधोमध झालं असतं तर?

सेलवेडा

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. प्रखर टॉर्चची काच कापडाला टेकली की उजेड बाहेर पडत नाही, सगळा उष्णतेत जातो.

उपाय सोपा आहे. बऱ्याच चांगल्या टॉर्चच्या मागच्या टोपीचे आटे अ‍ॅनोडाइज केलेले असतात, म्हणजे त्यांच्यातून वीज वाहत नाही. टोपी पाव फेरा सैल केली की सर्किट तुटतं आणि बटण कितीही दाबा, लागत नाही. घरी करून बघा. सैल करूनही लागला तर तुमच्या टॉर्चचे आटे साधे आहेत, मग सेल काढूनच न्यायचा. बटण काही सेकंद दाबून किंवा चार-पाच वेळा दाबून लागणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप पण असतं, पण मला त्यापेक्षा टोपीवर जास्त भरवसा. हेडलॅम्पमध्ये सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवा, नवीन रिमोटमध्ये येतो तसा. काही जण एक सेल उलटा बसवतात. तसं नका करू. चुकून बटण दाबलं गेलं तर उलटा सेल बाकीच्यांकडून बळजबरीने चार्ज होतो आणि गळतो.

सुट्या सेलसाठी प्लास्टिकची डबी मिळते, दोन किंवा चार सेलची, पन्नास-शंभर रुपयांत. नसेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी. किल्ल्या आणि नाण्यांच्या कप्प्यात सेल टाकणाऱ्यांना दंडवत. चार्ज होणारा साधा पेन्सिल सेलसुद्धा किल्लीने शॉर्ट झाला तर हात भाजण्याइतका तापतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचे तर दोन्ही ध्रुव शेजारी शेजारी, तिला टोपी घालाच.

आणि सेल कुणाचा आहे ते बघा. ९,९०० एमएएच छापलेले भडक रंगाचे १८६५० सेल गल्लोगल्ली मिळतात. त्या आकारात चांगल्यातल्या चांगल्या कंपन्या साडेतीन-चार हजारांच्या आसपास थांबतात. ९,९०० छापणारा जर आकड्यात एवढं खोटं बोलतो तर आतल्या सुरक्षेच्या झडपेबद्दल काय बोलणार? असले सेल विमानातच काय, घरातही नकोत. सालपट निघालेला, चेपलेला, फुगलेला सेलही तसाच बाद.

अण्णा_देवगडकर

बरं, मानलं. माझा स्टीलचा टॉर्च मग हातात की चेक-इनमध्ये?

ढगांच्यावर

चेक-इनमध्ये, अण्णा. सेलसाठी नव्हे, तो फूटभर लोखंडी नळकांडं आहे म्हणून. हातात दिसला तर जवानाला त्यात टॉर्चआधी दंडुका दिसेल.

पाणबुड्या

तारकर्लीला स्कूबा शिकलो आणि आता अंदमानला जाणं-येणं असतं. डायव्हिंगच्या टॉर्चला वेगळा नियम आहे, म्हणून लिहितो. पाण्याखालचे मोठे दिवे पाण्याने थंड राहतील या हिशेबाने बनवलेले असतात. हवेत लागले तर भयंकर तापतात. त्यामुळे त्यांना 'उष्णता निर्माण करणारी उपकरणं' या गटात धरतात. विमान कंपनीची आधी परवानगी, दिवा हातातल्या बॅगेत, आणि बॅटरी किंवा दिव्याचं डोकं वेगळं काढलेलं. चुंबकाच्या सरकत्या बटणाचे टॉर्च तर बॅगेत स्पीकर शेजारी ठेवला तरी लागू शकतात. मी डोकं काढून त्याच्या जागी टोपी लावतो, सेल डबीत, दोन्ही एका पारदर्शक पिशवीत. ट्रेमध्ये ती पिशवी लॅपटॉपसारखी स्वतःहून वेगळी काढून ठेवतो. जवानाला पडद्यावर काळा दंडगोल दिसण्याआधी डोळ्यांनी टॉर्च दिसला की प्रश्न अर्धे होतात. 'डायव्हिंग' म्हटलं की अंदमानच्या विमानात सगळे समजून घेतात.

कुसुमताई

स्वतःहून वेगळं काढून ठेवायचं हे आवडलं. मी पर्समध्येच सगळं ठेवून 'काही नाही हो त्यात' म्हणते, मग ते सगळंच उपसतात.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. तर आमचं असं ठरलं: ट्रिपल ए सेल पुण्याहून फक्त हेडलॅम्पपुरते आणि ते काढून चेक-इनमध्ये, जास्तीचे लेहच्या बाजारातून घ्यायचे. १८६५० डबीत, टॉर्चची टोपी सैल, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सगळ्या एका पारदर्शक पिशवीत खांद्याला. पॉवर बँकेवरचे आकडे पुसट झालेत, ते चालेल? आणि तारे दाखवायच्या हिरव्या लेझरचं काय?

ढगांच्यावर

आकडे वाचता येत नसतील तर ती न्यायची नाही. छापील क्षमता दिसली नाही की कर्मचाऱ्यापुढे नाही म्हणण्यावाचून मार्ग नसतो. मार्करने आकडे लिहून आणलेल्याही पाहिल्यात, उपयोग नाही. नवीन घ्या.

लेझर चेक-इनमध्ये टाका आणि त्यातला सेल लिथियमचा असेल तर काढून तुमच्या खांद्याच्या पिशवीत. विमानतळाच्या आसपास तो खेळ म्हणूनही आकाशात मारू नका. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांवर गेला तर तो गुन्हा आहे.

घाटमाथा

लेहला सेल बाजारात कुठल्याही दुकानात मिळतात, पण तारीख बघून घ्या. आणि परत येताना उरलेले हेडलॅम्पचे सेल गाडीवाल्याला देऊन टाका. त्याच्या उपयोगी पडतात आणि तपासणीला तुमचा खोळंबा होत नाही.

कुसुमताई

माझी रॅकेट यंदा जाऊबाई गाडीने घेऊन जाणार आहेत. चेक-इनमध्ये चिकटपट्टी लावून नेण्यापेक्षा बरं. दिव्याचं मात्र सेलवेडा सांगतात तसं करून बघते. बॅटरी कुठल्या प्रकारची ते त्यावर नेमकं कुठे लिहिलेलं असतं?

सेलवेडा

मागच्या बाजूला, चार्जिंगच्या भोकाजवळच्या स्टिकरवर. लेड-अ‍ॅसिड असेल तर '४ व्ही' किंवा '६ व्ही' आणि पुढे अँपिअर-अवर असतं, लिथियमला '३.७ व्ही'. स्टिकर नसेल तर फोटो टाका, सांगतो.